त्यांना म्हणावं

गुलमंडीत भांड्यांच्या दुकानात परातींची चळत कोसळली तेव्हा चिमी माझ्या कडेवर होती, आणि तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. निदान मला तरी हललेली दिसली नाही. मी तिच्याकडं पाहायला किती उशीर केला ते आता सांगता येत नाही. पराती एकदम पडल्या नाहीत. एक घसरली, तिच्यामागं दुसरी, मग सगळ्या, आणि शेवटची एक काठावर उभी राहून गरगरत पार रस्त्यापर्यंत आली आणि आडवी होता होता कितीतरी वेळ वाजत राहिली. समोरच्या कापडाच्या दुकानात मी चिमीच्या झबल्यासाठी मलमल बघत होते. हातातलं कापड सुटलं माझ्या. शेजारची बाई 'अगं बाई गं' म्हणून छातीशी हात नेत मागं सरली, दाव्याची शेळी उडाली, टांग्याचं घोडं कान टवकारून फुरफुरलं. भांडेवाला आतून ओरडला, "हल्लू रख बोल्या ना रे, हल्लू!" आणि कापडवाला हसून मला म्हणाला, "डरो नक्को बाई, बर्तनाँ गिरे सो. और कुछ नै." सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होते. हसत हसतच मी चिमीकडं पाहिलं, तर ती परातींकडं पाहत नव्हती, शेळीकडं पाहत नव्हती. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती. कापडवाल्यानं विचारलं, किती फाडू? मी काय सांगितलं कुणास ठाऊक. घरी येऊन उलगडलं तर दोन झबली होऊन उरेल एवढं निघालं.

सव्वादोन वर्षांची झाली चिमी. अजून एक शब्द नाही. आई नाही, मम नाही, काऊ नाही. रडते ती आवाजानं, चांगली गल्लीभर ऐकू जाईल अशी. हसते मात्र नुसती तोंडानं, दात दाखवून, आवाज आत ठेवून. आजवर मी स्वतःला समजावत होते की मूल उशिरा बोलतं, बोलेल. पण ऐकूच येत नसेल हा विचार मी कधी जवळ येऊ दिला नव्हता. तो त्या परातीसारखा गरगरत माझ्यामागं शहागंजपर्यंत आला. वाटेत मी थांबून थांबून तिच्या कानाशी 'चिमे' म्हणत होते. ती वळायची. पण माझा श्वास तिच्या मानेवर पडत होता म्हणून वळत असेल. मग मी श्वास आवरून म्हटलं. तरी वळली. पण मी थांबले म्हणून वळली असेल, चालणारी आई थांबली तर मूल वळणारच. प्रत्येक गोष्टीला दुसरं एक कारण निघत होतं. मी टाळी वाजवावी तर माझा हात हलतो, मी हाक मारावी तर माझी छाती हलते, आणि ती माझ्याच अंगाला चिकटलेली. तिला खाली ठेवून लांब जाऊन हाक मारावी असं मनात आलं, पण भर रस्त्यात पोरीला धुळीत ठेवून लांब जाणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील! आणि खरं सांगायचं तर लोकांची नव्हे, मला त्या हाकेचीच भीती वाटत होती. 

आमचं घर शहागंजच्या मागच्या गल्लीत, एकामागं एक तीन खोल्यांचं. रस्त्याकडची खोली मामंजींची, मधली आमची, शेवटी स्वयंपाकघर. म्हणजे ह्यांना कचेरीत जायचं तर मामंजींच्या खोलीतून जावं लागतं, आणि मामंजींना जेवायला यायचं तर आमच्या खोलीतून. दिवसातून दहा वेळा दोघं एकमेकांच्या समोरून जातात. दाराशी गाठ पडली तर एकजण भिंतीला लागून उभा राहतो, दुसरा जातो. रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसं करतात तसं, अगदी अदबीनं. पावणेदोन वर्षं झाली, एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. 

कारण सांगितलं तर हसू येतं. एका वर्षाचं कारण. मामंजी निजामाच्या अमलात तहसिलीत होते, तीस वर्षं. तेव्हा कचेरीचं साल फसली. ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यामुळं फसली तारखेचा इंग्रजी सन काढताना ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेला पाचशे नव्वद मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढं पाचशे एक्क्याण्णव. एवढंच. कचेरीतल्या पोरासोरांना येणारी गोष्ट. हे जन्मले ते मामंजींनी आपल्या वहीत उर्दूत टिपून ठेवलेलं, फरवर्दी १३३९. फरवर्दी म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास. पण पोलीस ॲक्शननंतर कागद बदलायची घाई झाली तेव्हा त्यांनी मुलाच्या दाखल्यावर १९२९ घातलं. हे म्हणतात, तीस पाहिजे. सत्तावन्न साली नायब तहसीलदाराच्या जागा निघाल्या, वयाची अट अठ्ठावीस. कागदावर हे चार महिन्यांनी म्हातारे निघाले. पत्रिका असती तर प्रश्नच नव्हता, पण रझाकारांच्या दिवसांत घर टाकून सगळी हद्दीपलीकडं नगरकडं गेली त्यात पत्रिका गेल्या. आता मामंजींनी एक प्रतिज्ञापत्र करून द्यायचं होतं, की तारीख लावताना माझ्याकडून चूक झाली. एवढंच.

तेव्हा चिमी पाच महिन्यांची होती. मी मधल्या खोलीत तिला अंगावर पाजत होते आणि दार लोटलेलं होतं. ह्यांचा आवाज येत होता, "नाना, चुकलात एवढं लिहून द्या. चूक माणसाचीच होते." मामंजी म्हणाले, "झाली असती तर लिहून दिलं असतं. खोटं प्रतिज्ञापत्र मी करायचा नाही." "मग तीसच्या फेब्रुवारीत कोण जन्मलं?" "ते मला विचारू नकोस. तारीख दुरुस्त आहे." "एक वर्षानं म्हातारं करून ठेवलंत मला!" मग काहीतरी लाकडी वाजलं, टेबलाचा खण असेल. चिमीनं दूध सोडलं आणि दाराकडं पाहिलं. तेव्हा ती आवाजाकडं वळली होती. हे मला आज आठवलं, शहागंजच्या कोपऱ्यावर, आणि मी एवढ्या जोरानं तिला छातीशी धरलं की ती कळवळली. तेव्हा तिला ऐकू येत होतं. पाच महिन्यांची असताना येत होतं. मग मधे काय झालं?

मामंजींचा राग येतो, आणि येता येता विरतो. ॲक्शननंतर वर्षा-दोन वर्षांत कचेरीची भाषा पालटली. ज्यांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं म्हणून साहेब मिसली, म्हणजे कचेरीची कागदपत्रं, त्यांच्याकडून लिहवून घ्यायचे, ते पन्नाशीला आले असताना पाटी घेऊन बसल्यासारखे मराठी टिपणं लिहायला शिकले. आपलीच भाषा, पण कागदावर कधी लिहिली नव्हती. पंचविशीतली पोरं त्यांच्या वेलांट्या लाल शाईनं सुधारायची. सासूबाई होत्या तेव्हा मला सांगायच्या, घरी येऊन जेवायचे नाहीत. सगळं गेलं त्यांचं; एक राहिलं. गावात कुणालाही जुनी तारीख लावून पाहिजे असली की अजून लोक म्हणतात, श्रीधरपंतांकडं जा. आता एक लावली चुकली म्हटलं की मग बाकीच्यांचं काय? हजारो माणसांच्या तारखा त्यांनी लावल्या आहेत. रात्री अंथरुणावर त्या सगळ्या उठून येत असतील त्यांच्याकडं. आणि ह्यांचं तरी काय चुकलं? ह्यांच्याच टेबलाशेजारचा एकजण नायब तहसीलदार होऊन अंबडला गेला. हे अजून त्याच स्टुलावर. रोज टोपी घालताना आरशात पाहतात तेव्हा कपाळाच्या कडेचे केस दोन बोटांनी चाचपतात. एक वर्ष कुठं कुठं दिसतंय ते शोधतात बहुतेक. 

मी हिशोब करून पाहिला होता. एका दुपारी, पिठाच्या परातीत बोटानं. तेराशे एकोणचाळीस आणि पाचशे एक्क्याण्णव, एकोणीसशे तीस. सासूबाईंनीही मला सांगितलं होतं की त्यांचा श्रीनिवास रथसप्तमीच्या आधल्या दिवशीचा, आणि दांडीयात्रेच्या वर्षी तो रांगतसुद्धा नव्हता. कोण बरोबर ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मग मी पिठात पाणी घातलं आणि कणीक मळली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. 

त्याऐवजी मी निरोप न्यायला लागले. पहिल्या दिवशी कुणी ठरवलं नाही. संध्याकाळी हे म्हणाले, "त्यांना म्हणावं, जेवायला या." मी पुढच्या खोलीत गेले, "मामंजी, जेवायला चला." मामंजी म्हणाले, "येतो म्हणावं." झालं. घर चालू लागलं. 'म्हणावं' लावलं की काहीही पलीकडं जातं. तिघं एकाच खोलीत, पाटावर, हातभर अंतरावर बसलेले. "त्यांना ताक वाढ म्हणजे भात संपेल म्हणावं." "मामंजी, ताक वाढू?" "नको म्हणावं, पोट भरलं." आणि मी ह्यांच्याकडं वळून खरंच सांगायची, "नको म्हणतात." सुरुवातीला हसू दाबायला मला पदर तोंडात धरावा लागायचा. वाटायचं, आठ दिवसांत दोघांनाही हसू फुटेल. फुटलं नाही. मग निरोपांना काटे आले. हे म्हणायचे, "बंब रिकामा करून ठेवलाय, म्हणावं, घरात आणखी माणसं अंघोळ करतात." मी मामंजींना सांगायची, "बंबात पाणी घालते हं मी, तुमचं झालं ना?" मामंजी म्हणायचे, "साहेबांना म्हणावं, चपला उंबऱ्यात सोडायला ही कचेरी नाही." मी ह्यांना सांगायची, "आज चिमी चपलेला अडखळली, बाजूला काढत जा ना." काटे काढून काढून मी द्यायची. त्यात मला एक प्रकारचं बरंही वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरात माझ्याशी कुणी फार बोलायचं नाही. आता दोन्हीकडचं सगळं बोलणं माझ्या तोंडून जायचं. दोघंही माझ्या तोंडाकडं पाहत राहायचे, पलीकडून काय येतंय म्हणून.

आणि कडेवर चिमी. तीही. 

चिमी बोलत नाही हे पहिल्यांदा ह्यांच्या लक्षात आलं. "दवाखान्यात लेडी डॉक्टर आली आहे, दाखवून आणू," म्हणाले. मला केवढा धीर आला. मामंजींना सांगितलं तर ते म्हणाले, "काही नको. डॉक्टर जिभेखाली कापतात. श्रीनिवाससुद्धा अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." हे मी ह्यांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला वाटलं, ह्यांनाही धीर येईल. हे म्हणाले, "अडीच कुणाच्या हिशोबानं? त्यांच्या, की माझ्या? विचार त्यांना." मी विचारलं नाही. महिना गेला. एके दिवशी मामंजींनी मला हाक मारली, आवाज खाली करून म्हणाले, "सूनबाई, मी काल तिच्यामागं काठी आपटली. वळली, पण उशिरा वळली. दाखवून आणा तिला. मी टांगा सांगतो." मी धावत ह्यांच्याकडं गेले. हे दाढी करत होते. "आता पटलं होय? आता काही गरज नाही म्हणावं. माझी मुलगी आहे, मला कळतं." गालावर साबण तसाच. मी म्हटलं, "अहो, तुम्हीच तर म्हणत होतात." "तेव्हा म्हणत होतो." मी आरशातल्या ह्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि पहिल्यांदा ह्या माणसाची मला भीती वाटली. रागाची नव्हे. ह्यांनाही पोरीची काळजी वाटत होती हे स्पष्ट दिसत होतं. काळजी वाटत असूनही माणूस असं म्हणू शकतो, त्याची.

मग मी आपले उपाय केले. गारखेड्याहून आमच्याकडं दुधाला भागूबाई येते, डोक्यावर चरवी, तोंडाचा पट्टा चालू. तिनं थंडीत पोपटानं उष्टावलेले पेरू आणून दिले. "शेतातल्या झाडाचे हायत बाई, चोचीची खूण बगा. चार दिस चारा, पोरगी राघूवानी बोलंल." मी कुणाला न सांगता चारले. चिमीनं आवडीनं खाल्ले आणि पाचव्या दिवशी भागूबाईच्या पदराला धरून आणखी मागितले, हातानं. भागूबाई हसली. उंबऱ्यावर टेकली आणि आत एकदा, बाहेरच्या खोलीकडं एकदा बघून म्हणाली, "बाई, राग नगा येऊ देऊ. पर तुमच्या घरात बोलतंय कोन, म्हून ही बोलंल? माज्या घरी सात लेकरं, कोंबड्यावानी कलकल, एकबी गप बसंना. हितं आलं की मला वाटतं, कुनीतरी आजारी हाय का काय." मी म्हटलं, "मी बोलते की तिच्याशी." "व्हय? काय बोलता?" मी सांगायला गेले आणि मला एकही वाक्य आठवेना. ऊन लागतंय, आत ये. ताटात हात घालू नको. हे मी बोलत असेन. पण मला सगळे निरोपच आठवत होते. भागूबाई "लई नका मनाला लावून घेऊ" म्हणाली आणि चरवी उचलून गेली.

हे सगळं मनात घेऊन मी गुलमंडीहून घरी आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. रविवार, दोघंही घरात. मामंजी खाटेवर बसून वहीची पानं सरळ करत होते. आमच्या खोलीत हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. दोघांनी चिमीकडं पाहिलं, चिमीला पाहून दोघांचेही चेहरे अगदी सारखे उजळतात, तेवढ्यापुरते ते एकच माणूस वाटतात. मी गुलमंडीतलं काही सांगितलं नाही. कसं सांगणार? एकाला सांगितलं की दुसऱ्याला सांगावं लागेल, आणि दुसऱ्याचं पहिल्याला. चिमीच्या कानांचंसुद्धा 'म्हणावं' होऊन जाईल.

स्वयंपाक उरकला. आमटीला फोडणी देताना मोहरी तडतडली तेव्हा मी वळून पाहिलं, चिमी दाराशी चिंचोके मांडत होती, मान खाली. मग मी आमची परात घेतली, तीच, पिठाची, आणि तिच्या पाठीमागं हातभर उंचावरून फरशीवर सोडली. माझेच कान बधिर झाले. चिमी वळली. हळूच वळली, हातातला चिंचोका नीट जागेवर ठेवून मग वळली. परातीकडं पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडं पाहिलं. फरशी हादरली म्हणून वळली असेल. किंवा सगळं ऐकू आलं असेल, गुलमंडीतलंही, आणि तिनं ठरवलं असेल की आवाज महत्त्वाचा नसतो, आवाज झाल्यावर आई काय म्हणते ते पाहायचं असतं. मी काय म्हणणार? मी तोंड उघडून तशीच उभी. तोपर्यंत बाहेरून मामंजी, "काय पडलं गं?" आणि मधल्या खोलीतून हे, "काही नाही म्हणावं, परात पडली." 

परात आमच्या दोघींच्या मधे होती. अजून थोडी हलत होती. ह्यांना ऐकू येतं ते मामंजींनाही ऐकू येतं. मधे एक पडदा आणि एक उघडं दार, एवढंच. मला निरोप द्यायचं कारण नव्हतं, कधीच नव्हतं. पाट मांडले, ताटं वाढली, पाणी ठेवलं. हे उठून आले, पाटावर बसले, ताटाकडं पाहिलं, म्हणाले, "त्यांना म्हणावं, ताटं झाली." मी चुलीकडं तोंड करून बसले. "ऐकलंस का?" मी ऐकलं होतं. मी भाकरीच्या तव्यावरचं पीठ पुसत होते. मला काही जिंकायचं नव्हतं. मला फक्त वाटत होतं, एकदा, एकदाच माझं तोंड मिटलेलं राहिलं तर चिमी कुणाच्या तोंडाकडं पाहील ते मला पाहायचंय. बाहेर खाट करकरली. मामंजी जेवणाच्या वेळेला उठून बसतात आणि बोलावण्याची वाट पाहतात. बोलावल्याशिवाय त्या पावणेदोन वर्षांत ते एकदाही जेवायला आत आलेले नाहीत. त्यांनी खाकरून दाखवलं. ह्यांनी भात कालवला आणि हात तसाच ताटात ठेवला. मामंजी आल्याशिवाय हेही कधी पहिला घास घेत नाहीत. कसली ही माणसं! आमटीवर साय धरायला लागली. माशी आली, ती कुणी वारली नाही. एक शब्द टाकला की संपणार होतं. 'चला मामंजी.' जिभेवर होता तो. दोन्ही खोल्यांतून त्याची वाट पाहणं चाललं होतं, आणि माझ्या दातांच्या आत तो मोठा मोठा होत होता. चिमी उठून माझ्याजवळ आली. माझ्या ओठांना तिनं बोट लावलं. चिंचोक्यांची धूळ लागलेलं बोट. ओठ दाबून पाहिले, जसं दार बंद का आहे ते ढकलून पाहावं. मी उघडले नाहीत. तिच्याकडं बघवत नव्हतं, तरी उघडले नाहीत. मला वाटलं, हट्ट म्हणतात तो हाच. आतून तो हट्टासारखा लागत नाही, नुसता श्वास कोंडल्यासारखा लागतो. मामंजींनाही असंच होत असेल. ह्यांनाही. 

चिमीनं बोट काढलं. वळली, आणि चालत निघाली. पडद्याला डोकं लावून पलीकडं गेली. मधल्या खोलीतून तिची पावलं वाजत गेली, मामंजींच्या उंबऱ्याशी थांबली. मला इथून दिसत नव्हतं. आणि मग आवाज आला. खरखरीत, जाडसर, कधी न वापरलेला आवाज, लहान मुलीचा वाटेना असा.

"म्हनाव."

ह्यांचा हात ताटातून वर आला.

"ताट. म्हनाव." आणि थोडं थांबून, माझ्याच सुरात, शेवटाला तसंच मऊ करत, "चला म्हनाव."

मामंजी ओरडले. शब्द नव्हता तो, नुसतं ओरडणं. हे पाटावरून उठताना पेला लवंडला. मी कशी गेले ते आठवत नाही. मामंजी खाटेवरून खाली उतरून फरशीवर बसले होते, चिमीचे दोन्ही हात त्यांच्या हातांत, आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीच्या खुंटांतून पाणी उतरत होतं. "बोलली! माझी बाय बोलली!" हे दारात उभे, भाताचा हात लांब धरून, हसत होते, रडत होते. चिमीला ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं, सगळं ऐकलं होतं तिनं, पहिल्यापासून. मी चौकटीला धरून खाली बसले. किती नवस बोलले होते, ते एकही आठवेना. मामंजींनी मान वर केली. समोर हे. दोघांचे चेहरे तसेच, सारखे उजळलेले, मधे फक्त दोन हात अंतर. मामंजींचे ओठ हलले. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा ते ह्यांच्याकडं सरळ बघत होते. आता, मी मनात म्हटलं, आता. हेही पुढं झाले.

मामंजींनी नजर खाली आणली. चिमीच्या केसांवरून हात फिरवला आणि किती लाडानं म्हणाले, "चिमाबाई, तुझ्या बाबाला सांग, आजोबा काय म्हणत होते? पोरगी बोलणार म्हणत होते ना? सांग म्हणावं!"

हे हसले. तसेच ओले डोळे, गुडघ्यावर बसले, आणि दोन्ही हात पसरून तिला म्हणाले, "ये. आणि आजोबांना सांग, आम्हाला काय, ठाऊकच होतं म्हणावं."

चिमी दोघांच्या मधे उभी राहिली. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. दोघंही तिच्या तोंडाकडं पाहत होते, किती आतुरतेनं, आणि तिला ते कळलं, तिचा चेहरा खुलला, मान ताठ झाली. तिनं श्वास घेतला. सव्वादोन वर्षं ज्या तोंडातून एक शब्द यावा म्हणून मी पोपटाचे उष्टे पेरू चारले होते, त्या तोंडावर मी धावत जाऊन हात ठेवला. घट्ट. तिला उचलून छातीशी घेतलं तरी काढला नाही. "अगं, काय करतेस!" हे म्हणाले. "सूनबाई!" मामंजी म्हणाले. दोघं एकदम, एकाच आवाजात. माझ्या तळव्याखाली चिमीचे ओठ हलत होते, गरम, ओले, पुन्हा पुन्हा तेच.